आपोआप चालणारं विमान

मुंजाजीने वडिलांच्या उजव्या हाताचा अंगठा दोन बोटांत धरून उचलला आणि लाल बटणावर ठेवला. अंगठा थंड होता. क्षणभर तो बटणावर राहिला, मग घसरून मांडीवरच्या चादरीवर पडला.

"दाबा, दादा."

"दाबायलोय की," लिंबाजी म्हणाले.

टीव्हीच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर विमान एका जागी उभं होतं. समोरून तीन विमानं आली, त्यांच्या गोळ्या आल्या, आणि ते फुटलं. मुंजाजीने उशाखालचा आलेखाचा कागद काढला, तारखेसमोर शून्यावर ठिपका दिला आणि कागद पुन्हा उशाखाली सारला. एकोणीस ठिपके झाले होते. ते जोडले असते तर सरळ आडवी रेघ आली असती.

ऑगस्टमध्ये पाथरीच्या कालव्याच्या ऑफिसात, आवक-जावकच्या टेबलावर बसल्या बसल्या लिंबाजींची उजवी बाजू गेली होती. दसऱ्यापर्यंत बोलणं पूर्ववत झालं. दिवाळीत ते काठी टेकून परसापर्यंत जाऊ लागले. हात तेवढा आला नाही. डॉक्टर म्हणाले होते, बोटांना काम देत राहा. आईने रबरी चेंडू दिला, परातीत गहू टाकून निवडायला दिले. मुंजाजीला ते पटलं नव्हतं. तो भौतिकशास्त्राचा बी.एस्सी. होता. चेंडू दाबला तरी चेंडू काही सांगत नाही, असं त्याचं म्हणणं. व्हिडिओ गेममध्ये बटण दाबलं की त्याच क्षणी गोळी सुटते. हाताने काही केलं हे डोळ्यांना लगेच दिसतं, आणि मेंदू शिकतो तो असाच. म्हणून परभणीच्या चंद्रभानच्या गेमच्या दुकानातली दोन बंद मशीनं दुरुस्त करून देऊन त्याने हा जुना डबा घरी आणला होता. डाव्या अंगठ्याने विमान हलवायचं, उजव्या अंगठ्याने गोळी मारायची.

डब्याची एक खोड होती. अर्धा मिनिट कुणी काही दाबलं नाही की तो स्वतःच खेळून दाखवायला लागे. विमान सफाईने वळे, गोळ्या मारी, पूल ओलांडे आणि पुलापलीकडे डावीकडून येणाऱ्या दुसऱ्या विमानावर आपटे. प्रत्येक वेळी तिथेच. मुंजाजीने घड्याळ लावून पाहिलं होतं: बावीस सेकंद. आईला हे ठाऊक नव्हतं. ती तूर पाखडत बसायची आणि मध्येच मान वर करून म्हणायची, "बघ बघ, कसं चालवायलेत तुजे दादा!" लिंबाजी पडद्याकडे बघत राहायचे. मुंजाजीने दोघांनाही काही सांगितलं नाही. आईचं समाधान आणि वडिलांची उमेद, दोन्ही एका वाक्यात गेली असती.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी ऑफिसचे हेडक्लार्क माधवराव कागदांवर अंगठा घ्यायला आले. वैद्यकीय मंडळाची तारीख आधी जानेवारीत होती. पण मधे विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला, तणावाने गाड्या बंद राहिल्या, आणि तारीख नऊ फेब्रुवारीवर गेली. माधवराव दारातच थबकले. पडद्यावर विमान पूल ओलांडत होतं, आणि लिंबाजींच्या मांडीवर खेळाचं हॅण्डल होतं.

"अहो लिंबाजीराव! हात चालायला लागला की! मग मी हे कागद कशाला रंगवतोय?"

"लय सुधारणा हाय साहेब," आई म्हणाली. "रोज चालवतात."

लिंबाजींनी डाव्या हाताने हॅण्डल उचललं आणि खाटेच्या कडेला ठेवलं. पडद्यावर विमान वळत राहिलं, गोळ्या मारत राहिलं.

"न्हाई साहेब. ते आपोआप चालतंय. हात नुसता ठिवलेला हाय."

आईचं सूप थांबलं. पुलापलीकडे विमान आपटलं.

मुंजाजीने खाली पाहिलं. दादांना हे माहीत होतं, आणि ते रोज अर्धा अर्धा तास असे बसत होते. कुणासाठी, हे त्याला कळेना.

माधवराव खुर्चीत बसले. चहा येईपर्यंत त्यांनी मुंजाजीला सगळं पुन्हा नीट समजावलं. मंडळाने अपात्र ठरवलं तर लिंबाजींना रुग्णता निवृत्ती मिळेल. पक्षाघाताच्या बाबतीत अनुकंपेवर मुलाला ऑफिसात नोकरीला घेता येतं, आणि मुंजाजीचा अर्ज ते त्याच दिवशी वर पाठवतील.

"हात चालला, तर मात्र हेच पुन्हा रुजू. मग तुला जाहिराती बघत बसायचं. किती झाले अर्ज आजवर?"

"चौतीस," मुंजाजी म्हणाला.

"बघा," माधवराव लिंबाजींना म्हणाले. जणू अर्ज लिंबाजींनीच केले होते.

ते गेल्यावर आईने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्हंजे इतके दिवस मी काय बघायले होते?"

"टीव्ही," लिंबाजी म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सोमवारी आई सकाळी सातच्या गाडीने ताडकळसला बहिणीकडे गेली. शेजारच्या चतुराबाई दुपारी भाकरी देणार होत्या. मुंजाजी परभणीला निघाला. मंडळाला दोन दिवस उरले होते आणि त्याला आणखी एक प्रयत्न करायचा होता. विमानाचा खेळ फार वेगाचा असेल, एखादा संथ खेळ मिळाला तर अंगठा हलेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

चंद्रभानच्या दुकानात दोन मशीनं चालू होती. कॉलेजची पोरं एकावर तुटून पडली होती. पडद्यावर दोन पहिलवान एकमेकांना लाथा मारत होते आणि पोरं सगळी बटणं एकदम बडवत होती.

"नवीन हाय," चंद्रभान म्हणाला. "पंधरा दिवसांत पोरं यडी झालीत. तू खेळ की एक डाव."

"ह्याच्यात खेळायचं काय? डोळे मिटून बटनं बडवली तरी जिंकतंय माणूस."

"मग जिंकू दी ना! हरायला कोण येतंय?"

"तेच म्हणायलोय. आदीचे गेम माणसाला हरवायचे. कुठं चुकलं ते कळायचं. दुसऱ्या दिवशी तिथनं पुढं जायचं. आता हे नवीन गेम माणसाला खूश करायला बसलेत."

"तू खेळायला येतो का पेपर तपासायला?" चंद्रभानने काउंटरखालून एक पिवळी कॅसेट काढली. "ही घे. शंभर गेम. कालच आली."

मुंजाजीने कॅसेट लावून यादी भराभर खाली नेली. "अकरा हायेत. बाराव्यापासनं परत तेच. नुसती नावं बदललीत."

"गिऱ्हाइकाला न्हाई कळत."

"मला कळतंय."

"म्हणून तर तुला कोणी गिऱ्हाईक म्हणत न्हाई," चंद्रभान हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "हैदराबादच्या उस्तादाचा पुन्हा निरोप हाय. मशीनं दुरुस्त करायला माणूस पायजे त्याला. खोली देतो म्हणला. पण मार्चपर्यंत ये म्हणला, नंतर दुसरा बघतो."

"दादांचा हात आला की जातो."

"आन् न्हाई आला तर?"

मुंजाजीने कॅसेट काढली, तिच्या टोकावर फुंकर मारली आणि काउंटरवर ठेवली. संथ खेळ त्या अकरांत एकही नव्हता.

स्टँडबाहेर पाथरीची जीप भरलेली उभी होती. संध्याकाळी पोचायचा तो दीड वाजताच घरी आला. दार नुसतं लोटलेलं होतं. लिंबाजी खाटेवर डोळ्यांवर डावा हात घेऊन पडले होते. टीव्ही बंद होता. मुंजाजीने पिशवी टेकवली आणि पाणी प्यायला वळला, तेव्हा त्याला टीव्हीखालच्या डब्याचा बारका लाल दिवा दिसला.

त्याने टीव्हीच्या मागच्या बाजूला हात लावला. ऊन होती. त्याने बटण फिरवलं. पडद्यावर आधी उजेड आला, मग खेळाचं पहिलं पान. वरच्या कोपऱ्यात, सर्वांत जास्त गुणांच्या जागी, आकडा होता: ४६,२००.

मुंजाजीचा स्वतःचा आजवरचा सर्वांत मोठा आकडा एकतीस हजार चारशे होता.

तो पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा राहिला. डबा बंद झाला की हा आकडा पुसला जातो. सोमवारी पाथरीची लाइट सकाळी अकराला यायची. म्हणजे हा आकडा अकरानंतरचा. आई सातलाच गेली होती. चतुराबाईंना साधा रेडिओ लावायचा तर त्या नातवाला हाक मारायच्या.

"कोण, मुंजा?" लिंबाजींनी डोळ्यांवरचा हात काढला नाही. "लवकर आलास."

"जीप भेटली."

"काय बघायलास?"

"काही न्हाई. डबा चालू राहिला होता."

"तुज्या मायनं सोडला आसंल."

मुंजाजीने वाकून डबा बंद केला. दिवा विझला. मग तांब्या तोंडाला न लावता परत जागेवर ठेवून तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी काठी टेकत उन्हात जाऊन बसले, तेव्हा मुंजाजीने हॅण्डल खाटेवर टेकवलं, उजवा हात पाठीमागे धरला आणि नुसत्या डाव्या हाताने खेळून पाहिलं. तीनदा खेळला. विमान हलवावं तर गोळी राहायची, गोळी मारावी तर विमान राहायचं. सर्वांत चांगला आकडा आला दोन हजार नऊशे. चौथ्यांदा खेळायची गरज नव्हती. सेहेचाळीस हजारांसाठी उजव्या अंगठ्याने सेकंदाला चार वेळा तरी बटण दाबायला हवं होतं, आणि तेही पाऊण तास. एका दिवसात हे येत नाही. कित्येक दुपारी लागल्या असतील. तो परभणीला, आई नळावर किंवा बाजारात. आणि दारात पाऊल वाजलं की टीव्ही बंद. टीव्ही बंद केला की डबाही बंद होतो, असं त्यांना वाटत असणार.

त्याने उशाखालचा कागद काढला. पेन्सिल हातात धरून तो बराच वेळ बसला. मग त्या दिवसाच्या तारखेसमोर ठिपका दिला. शून्यावर.

बुधवारी परभणीच्या दवाखान्यात मंडळाचे तीन डॉक्टर एका लांब टेबलामागे बसले होते. लिंबाजींना सदरा काढायला सांगितला. मुंजाजीने तो काढून आपल्या दंडावर घेतला. एका डॉक्टरने कोपरावर छोटी हातोडी मारली. दुसऱ्याने आपली दोन बोटं लिंबाजींच्या तळहातात ठेवली.

"घट्ट धरा."

बोटं उघडीच राहिली.

"जोर लावा."

लिंबाजींच्या कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताणल्या. हात तसाच राहिला. डॉक्टरने टाचणी घेतली आणि अंगठ्याच्या मांसल भागात टोचली. लिंबाजींनी पापणीसुद्धा हलवली नाही. मुंजाजीचा स्वतःचा अंगठा मात्र मुठीत वळला.

"घरी यांचं कोण बघतं?" मधल्या डॉक्टरने विचारलं.

"मी."

"शिकलेला दिसतोस. नीट आठवून सांग. नकळत कधी हात हलताना पाहिलाय? झोपेत, दचकल्यावर?"

मुंजाजीने वडिलांकडे पाहिलं. ते त्याच्याकडे बघत नव्हते. भिंतीवर डोळे तपासायच्या अक्षरांचा तक्ता होता, तिकडे त्यांची नजर होती. छातीवरचे पांढरे केस वर-खाली होत होते. हो म्हणावं, तर हा माणूस तीन डॉक्टरांसमोर उघड्या अंगाने खोटा ठरणार होता. आणि ‘नाही’ हे उत्तर खोटं म्हणावं, तर हात हलताना त्याने डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. पाहिला होता फक्त एक आकडा, आणि तो त्याने स्वतःच पुसला होता.

"न्हाई, साहेब," तो म्हणाला. "कधीच न्हाई."

डॉक्टरने खाली बघून लिहायला सुरुवात केली.

बाहेरच्या व्हरांड्यात गर्दी होती. खांबापाशी लिंबाजी उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात सैल सोडले. मुंजाजीने त्यांच्या अंगात सदरा चढवला, आधी उजवी बाही, मग डावी. तो खालून बटणं लावू लागला. वडिलांच्या इतक्या जवळ तो कित्येक वर्षांत उभा राहिला नव्हता.

"दादा," तो बटणाकडे बघत हळू म्हणाला. "हैदराबादला एक काम हाय. मशीनचं. मार्चपर्यंत बोलावलंय."

लिंबाजींनी खाली मान घालून आपल्या छातीकडे पाहिलं.

"एक बटन चुकलंय," ते म्हणाले. "खालचं. समदी काढ आन् परत लाव."

मुंजाजीने सगळी बटणं काढली. पहिल्यापासून पुन्हा लावायला सुरुवात केली. बाजूने लोक जात होते. लिंबाजी दोन्ही हात सोडून शांत उभे होते. शेवटून दुसरं बटण लावून तो थांबला.

"गळ्याचं पण," लिंबाजी म्हणाले. "तू बी लावत जा. मोठ्या साहेबाला गळा उघडा चालत न्हाई ऑफिसात. पहिल्या दिवसापासनं सवय ठिव."

मुंजाजीने गळ्याचं बटण लावलं.