'होता' म्हणायचं नाही

संध्याकाळ झाली तरी सेनेनच्या होडीचा वायरलेस गप्पच. दुपारी वारा फिरला तशा बाकीच्या होड्या शेपूट घालून बंदरात परतल्या, सेनेनची तेवढी आली नाही. त्याच्या बायकोने, ओल्विदोने, घेवड्याचं कालवण पुन्हा गरम केलं. भूक कुणाला होती? हाताला काहीतरी चाळा हवा, एवढंच.

या गावातल्या बायका पाद्रीबाबाचं ऐकतील न ऐकतील, पण एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाळतात. माणूस समुद्रावर असताना त्याच्याबद्दल 'होता', 'करायचा' असं बोलायचं नाही. ज्याला 'होता' म्हटलं, तो गेलाच म्हणून समजा.

मच्छीमार संघाचा बेलार्मिनो आला, तो टोपी हातात घेऊनच.

"हेलिकॉप्टर निघालंय," तो दारातून म्हणाला. "धीर सोडू नकोस, ओल्विदो. तिकडून विचारतायत, सेनेनला पोहता यायचं ना?"

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला.

"येतं," सासू एतेल्विना म्हणाली. "माझ्या लेकाला पोहता येतं. तुलाच बोलता येत नाही, मेल्या. नीघ इथून."

तो गेला. बेलार्मिनोचा सगळा जन्म समुद्रावर गेलेला. असा माणूस चुकतो तो मनात काही ठरल्यावरच, असं ओल्विदोला वाटलं, आणि काही केल्या ते मनातून जाईना.

टेबलाखाली तिची लेक नोरेया बाहुल्या मांडून बसली होती. इथली पोरं कुठलाही खेळ 'होते'नेच सुरू करतात. तू राणी होतीस, मी चोर होते, की झाला खेळ सुरू.

"आई, चल ना," नोरेया म्हणाली. "तू आई होतीस, आणि मी मीच होते. आणि बाबा समुद्रात होते..."

एतेल्विनाने हात उगारला. "गप, कार्टे! जीभ झडेल."

"खेळ आहे गं आजी." पोरगी रडवेली झाली.

"राहू द्या," ओल्विदोने सासूचा हात धरला. मग ती स्वतःच टेबलाखाली शिरली.

"मग मी काय करत होते?"

"तू वाट बघत होतीस."

"आणि बाबा?"

नोरेया विचारात पडली. पोरीच्या तोंडावर हात ठेवावा, असं ओल्विदोला फार वाटलं.

"बाबा येत होते," नोरेया म्हणाली. "पोचले नव्हते अजून. पण येत होते. आता तू म्हण."

ओल्विदोने लेकीला घट्ट धरलं.

"येत होते," ती म्हणाली. तोंडातून गेलेला शब्द काही परत घेता येईना, म्हणून मग ती तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.