चालून दाखवायची सहल

पूर्वी मुलगी बघायला आलेली माणसं तिला दिवाणखान्यात चार पावलं चालून दाखवायला लावत. श्रीविद्याबाई त्यातल्या नव्हेत. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या मराठी घरातल्या. त्यांनी अनुषाला सहलीला नेलं. गाडी चालवायला त्यांचा मुलगा प्रणीत.

अपघातानंतर अनुषाच्या उजव्या मांडीत सळई बसवली होती. तिचे वडील भीमाचार्य यांनी ते पहिल्या भेटीतच सांगितलं, आणि "आता काही त्रास नाही" असंही ठोकून दिलं. सळईचं ऐकून याआधीची स्थळं परतली होती. प्रणीत मात्र परतला नव्हता, आणि तिला तो मनापासून आवडला होता. आज जीव गेला तरी लंगडायचं नाही, असं ठरवूनच ती येलहंक्याला आपल्या घरासमोर गाडीत बसली.

द्राक्षमळे मागे पडले आणि उघडा कातळ आला. "स्वल्प चढून या की," म्हणत श्रीविद्याबाई सावलीत बसल्या. वरून तळी, मळे, नंदीचा डोंगर सगळं दिसत होतं म्हणे. अनुषाने फक्त पुढचं पाऊल कुठे टाकायचं तेवढंच पाहिलं.

"दुखतंय का?" प्रणीतने विचारलं. किती मायेने विचारलं मेल्याने!

"छे," ती हसली.

मग निलगिरीचं बन, पावलोपावली मुळं. तिथेही तोच प्रश्न, तेच उत्तर. मग आटलेल्या तळ्यातली वाळू, जिथे धडधाकट माणसाच्याही पोटऱ्या भरून येतात. उरल्यासुरल्या पाण्यात बगळे एका पायावर निवांत उभे होते. अनुषाला त्यांचा हेवा वाटला. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिने वाऱ्याचं नाव सांगितलं.

परतीच्या वाटेवर मांडी ठणकत होती, पण जिंकल्याचा आनंद त्याहून मोठा होता.

"राग मानू नकोस," प्रणीत आरशातून बघत म्हणाला. "ठिकाणं मीच निवडली होती. तुझ्या पायाचं आम्हाला काहीच नव्हतं. पण दर वेळी विचारलं, आणि दर वेळी तू नाही म्हणालीस."

"रडत होतीस की गं," श्रीविद्याबाई हळुवार म्हणाल्या. "इतकं लपवणारी मुलगी घरात आणायची म्हणजे भीतीच वाटते बाई."

"आणि हो म्हणाले असते तर?"

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते कशाला आता," श्रीविद्याबाई म्हणाल्या.

घरासमोर गाडी थांबली. फाटकात भीमाचार्य हसतमुखाने उभे होते. अनुषाने दार उघडलं, पण मांडी आखडून गेली होती, पाय उचलेना.

"प्रणीत, फार दुखतंय. जरा हात दे."

प्रणीत उतरू लागला. श्रीविद्याबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"तू बस," त्या म्हणाल्या. "तिच्या अण्णांना हाक मार. त्यांची मुलगी आहे, ते नेतील."