अकरा शालींचा पाहुणा

घानाच्या ओसेबूने फुटबॉल सोडून सतरा वर्षं झाली, पण नाशिकच्या पुढाऱ्यांना त्याचा पत्ता आत्ता लागला होता. मैदानावर भलाथोरला फ्लेक्स लागला. त्यात नगरसेवक कमरेपर्यंत आणि ओसेबू अंगठ्याएवढा. हा फ्लेक्स या शहाण्यांनी बांधला कशाला, तर गोलपोस्टला.

हरसूलकडच्या आश्रमशाळेचे ज्ञानेश सर ते बघून मनातल्या मनात शिव्या हासडत होते. सकाळच्या एसटीने ते बारा पोरी घेऊन आले होते. पत्रिकेत छापलं होतं, सत्कारानंतर पाहुण्यांसमोर मुलींचा पंधरा मिनिटांचा सामना. त्यातली एक मुलगी ओसेबू आपल्या पुण्याच्या अकादमीत नेणार होता. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिकडेच. ती मुलगी बाराजणींत सगळ्यात तरबेज असलेली मीनाच असणार, याबद्दल सरांना शंका नव्हती. तिचा बाप पुढच्या आठवड्यात तिला शाळेतून काढून द्राक्षबागेत मजुरीला नेणार, याबद्दलही नव्हती.

डिसेंबरचा दिवस, सहाला अंधार. दिवे फक्त स्टेजवर होते.

चारला सुरू व्हायचा सत्कार पावणेपाचला सुरू झाला. शाल, नारळ, फेटा. मग दुसरी शाल. प्रत्येक मंडळाला आपली वेगळी शाल घालायची होती, आणि फोटो नीट आला नाही की घातलेली शाल काढून पुन्हा घालायची. निवेदक ओसेबूच्या गोलांचा आकडा दर वेळी नवा सांगत होता आणि टाळ्या दर वेळी तेवढ्याच पडत होत्या. ऑफसाइड कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही, ती माणसं त्याच्या नावाने घसा फोडत होती. आणि तो हसत होता! सरांना त्या हसण्याचाही संताप आला. समोर बूट घालून बसलेल्या पोरी दिसत नाहीत, हा कसला खेळाडू?

"सर, आमी कवा उतरायचं?" मीनाने विचारलं.

"बोलतो त्यांच्याशी. जरा दम धर."

"तिसऱ्यांदा सांगताय."

अकरावी शाल पडली तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. सर तडक स्टेजमागे गेले. इंग्रजी वाक्य पाठ होतं: मुली थांबल्या आहेत, सर, चला. कार्यकर्त्याला बाजूला सारून ते आत घुसले, तर पुढ्यात ओसेबूच. दाढी पांढरी, डावा पाय जरा ओढत चालणारा. त्याच डाव्या पायाची फ्री किक आठवीत असताना शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघून सरांनी दोन वर्षं शाळेच्या भिंतीवर चेंडू हाणला होता. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ओसेबूने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "येस, माय फ्रेंड?"

"सर," ज्ञानेश सर म्हणाले, "वन सेल्फी, प्लीज."

तीन काढले, कारण पहिले दोन हलले. तेवढ्यात कार्यकर्त्यांनी पाहुण्याला गाडीत घातलं. माइकवर घोषणा झाली, अंधारामुळे मुलींचा सामना रद्द, सर्वांनी जेवून जावे.

सर परत आले. स्वतःची अशी किळस त्यांना कधी आली नव्हती.

"बोललात का, सर?" मीनाने विचारलं.

"बोललो. पण त्यांना घाई होती."

त्यांच्या हातातला फोन अजून उजळलेलाच होता. मीनाने त्यात वाकून पाहिलं.

"चांगला आलाय," ती म्हणाली, आणि खाली बसून बुटाच्या नाड्या सोडू लागली.