बाबांची फट

आमच्या दवाखान्यात दात काढायला माणूस आहे, बसवायला नाही. आमच्या डॉक्टरांनी पक्कड लावली की दात बाहेर, पण कवळीचं नाव काढा, लगेच हात वर! एवढ्याशा गावात तज्ज्ञ कशाला येऊन राहतोय? त्यामुळे निम्मं गाव बोळकं घेऊन हिंडायचं, आणि त्यात माझे बाबा. मी दवाखान्यात मदतनीस आणि घरातच बोळकं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग एकदाचा दंत परिषदेला पाझर फुटला. आमच्यासारख्या गावांसाठी त्यांनी परराज्यातल्या तज्ज्ञांना महिनाभराचा तात्पुरता परवाना द्यायचं ठरवलं, आणि आमच्याकडे कवळीवाल्या डॉक्टरीणबाई आल्या. शेजारच्या काकूंना लगेच शंका. "बाई महिन्याच्या, म्हणजे दातही महिनाभरच टिकायचे का गं?"

"काकू, लग्न लावणारा तासाभरात निघून जातो," मी म्हटलं, "नवरा राहतोच ना?"

काकूंनी मुकाट्याने नंबर लावला.

बाबांनी मात्र आज-उद्या करत महिना घालवला. शेवटी मीच हाताला धरून नेलं. मापं झाली, आणि परवाना संपायच्या आदल्या दिवशी मेणाची कवळी तोंडात घालून बघायची वेळ आली. मेणात रोवलेले दात हलवता येतात. एकदा कवळी पक्की झाली की मग बोंब मारून उपयोग नाही.

बाबांनी आरशात पाहिलं. सरळ, एकसारखे, देखणे दात. त्यांच्या पुढच्या दोन दातांत पहिल्यापासून भली मोठी फट होती. ती या खेपेला नको, असं मीच बाईंना सांगितलं होतं.

"माझी फट कुठाय?" बाबा म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो बाबा, त्या फटीला जन्मभर लोक हसले!"

"हसतील त्यांचे दात दिसतील. मला फट हवी."

"उद्या पाच वाजता बाईंचा परवाना संपतोय! नंतर त्यांना तुमच्या तोंडात बोटसुद्धा घालता येणार नाही. आता नखरे पुरेत!"

बाईंनी मला हातानेच गप्प केलं आणि स्टूल पुढे ओढलं. "फट कशाला हवी, काका?"

बाबा जरा घुटमळले. "हिच्या आईला आता दिसत नाही हो. सायकलचं दुकान बंद करून घरी निघालो की कोपऱ्यावरून मी फटीतून शीळ घालायचो. तिला कळायचं, आले. दात गेले, शीळ गेली. आता मी एकदम पुढ्यात उभा राहतो आणि ती दचकते. परवा तिच्या हातातला तांब्या पडला. माझ्याच घरात मी चोरासारखा शिरतो."

मला शीळ माहीत होती, आईचं दचकणंही माहीत होतं. फरशीवरचं पाणी तर मीच पुसलं होतं. पण एका घरात राहून या दोन गोष्टींची सांगड मला घालता आली नव्हती. फार लाज वाटली.

बाईंनी दिव्यावर बारीक सुरी तापवली, मेण सैल केलं आणि दोन दात अलगद दूर सारले. बाबांनी पुन्हा आरशात पाहिलं. "हां! हा मी."

कवळी पक्की करायला शहरात जाते. ती संध्याकाळच्या बसने गेली, दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने यायची होती. आणि नेमकी तीच बस येईना! बाबा गळ्यात फडकं बांधून खुर्चीत बसलेले, बाई हात धुऊन घड्याळासमोर, आणि मी दवाखाना ते बसथांबा येरझाऱ्या घालतेय. जीव नुसता टांगणीला. अखेर बस आली. वाटेत चाक पंक्चर झालं होतं म्हणे. ड्रायव्हरने कवळीचा डबा खिडकीतूनच दिला आणि मी पदर खोचून धावत सुटले.

बाईंनी कवळी बसवली, काढली, टोचत होतं तिथे घासली, परत बसवली. छान बसली.

"घाला शीळ!" मी म्हणाले.

फुस्स.

"परत!"

फुस्स. आरशावर थुंकीचे थेंब उडाले. बाईंचा हात पुढे झाला, तेवढ्यात घड्याळात पाचचे टोले पडले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"कवळी चोख आहे, काका," त्या हसून म्हणाल्या. "आता जिभेला शिकवा. ते काम परवाना असता तरी मला जमलं नसतं."

घरी येईस्तोवर बाबांचं फुस्स फुस्स चाललेलं. येणारेजाणारे वळून बघत होते. मी म्हटलं, "बास आता, उद्या जमेल." ऐकतील तर शपथ. कोपऱ्यावर ते थांबले, कॉलर सारखी केली, छाती भरून श्वास घेतला आणि परत फुंकलं.

बारीक, फाटकी, थोडी वारा मिसळलेली, पण शीळच होती ती! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आमच्या दाराची कडी वाजली. आई चौकटीला हात धरून उंबऱ्यात आली, तोंड बरोबर आमच्या दिशेला.

"अहो," ती म्हणाली, "आज किती उशीर केलात!"