पुस्तकात नसलेला चहा

डॉक्टरांनी जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणून सांगितलं आणि स्वतःचं तोंड मात्र मिटून ठेवलं. दातांचे डॉक्टर ते. खाली दवाखाना, वर घर, आणि घराच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवणारा एक कारागीर. गल्लीत सगळे त्याला भाडेकरू म्हणत. तो भाडेकरू म्हणून आला, भाडेकरू म्हणूनच डॉक्टरांच्या बरोबरीने म्हातारा झाला, आणि गेला तेव्हा भेटायला आलेले लोक म्हणाले, "चांगला भाडेकरू मिळणं कठीण हो आजकाल." डॉक्टरांनी मान हलवली. दुसरं काय करणार?

डॉक्टरांची नजर काचबिंदूने त्याआधीच नेली होती. शेवटची काही वर्षं भाडेकरूच त्यांना वाचून दाखवत असे. वाचायच्या त्या प्रेमाच्या कादंबऱ्या, पण पुरुषाने पुरुषावर केलेल्या प्रेमाच्या. अशी पुस्तकं आता बरीच निघतात, आणि डॉक्टर त्यांची परीक्षणं एका मासिकात लिहीत. खाली नाव नसे, नुसतं 'एक वाचक'. पण तेवढं एक पान म्हणजे या माणसाने जगापुढे उघडलेलं तोंड होतं. भाडेकरू गेल्यावर तेही मिटायची वेळ आली.

तेव्हा समोरच्या इमारतीतल्या काकू आल्या. काकूंचा आवाज गल्लीत प्रसिद्ध. कोपऱ्यावरच्या सभागृहात दर आठवड्याला एक बुवा कीर्तन करीत. काकू पहिल्या रांगेत बसत, आणि बुवांचा घसा बसला की पुढची ओळ त्या उचलत. शिवाय त्यांच्या तोंडात भाडेकरूच्याच हातची कवळी होती. ती बसवताना त्याने काकूंकडून 'ससा', 'सासू', 'सोसासोस' असं काय काय म्हणून घेतलं होतं आणि 'स'मधली शीळ जाईपर्यंत कानस चालवली होती. "देवापुढे गायचं तोंड आहे," तो म्हणाला होता, "शिट्टी वाजून कशी चालेल?" काकू ते विसरल्या नव्हत्या.

"मला वाचणारं माणूस हवंय," डॉक्टर म्हणाले. "प्रेमाच्या गोष्टी आहेत. चालतील?"

"देवाच्या नाहीत तर नाहीत, प्रेमाच्या आहेत ना? मग झालं."

पहिल्याच पुस्तकात, पहिल्याच प्रकरणात काकू अडल्या.

"डॉक्टर, इथे छापणाऱ्याने घोळ घातलाय. 'तो त्याच्याकडे बघून लाजला' असं आलंय. एका जागी 'ती' हवं."

"चूक नाही ती."

"नाही? दोन्हीकडे 'तो'च?"

"दोन्हीकडे."

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. डॉक्टर खुर्चीत ताठ बसून राहिले. काकू उठून दार उघडताहेत का, ते ऐकत होते.

"बरं," काकू म्हणाल्या. "मग जरा सावकाश घेते. कोण कोणाशी बोलतंय ते मला कळायला हवं, नाहीतर दोघांचा एकच आवाज काढून बसेन."

तिसऱ्या प्रकरणापर्यंत तर त्या पात्रांना रागावू लागल्या. "अरे, सांगून टाक ना मेल्या! किती घुम्यासारखा बसशील? तो काय मनातलं वाचायला बसलाय?" डॉक्टर हसत. बऱ्याच महिन्यांनी त्या खोलीत कोणीतरी हसत होतं.

अडचण एकच होती. पुस्तकातले ते दोघं एकमेकांच्या फार जवळ आले की काकूंचा घसा बसायचा. त्यांना त्यात पाप वाटत नव्हतं, लाज वाटत होती. नवराबायकोचं असतं तरी वाटलीच असती. स्वतःच्या संसारातसुद्धा त्यांनी असलं काही मोठ्याने उच्चारलं नव्हतं. मग त्या डोळ्यांनी दोन-चार परिच्छेद ओलांडत आणि मधल्या मोकळ्या जागेत स्वतःच्या पदरचं काहीतरी घालत. काय घालणार? आपल्या घरात जे पाहिलं तेच. त्यांचे यजमान रागावले की, हरखले की, आजारातून उठले की स्वयंपाकघराच्या दारात येऊन एवढंच विचारत, "चहा टाकू का?" त्या घरातलं प्रेम तेवढंच बोलायचं.

तर झालं असं. एक नवी कादंबरी आली. जहाजावरचा आचारी आणि बंदरावरच्या गोदामाचा राखणदार. आचारी वर्षानुवर्षं समुद्रावर. राखणदार वाट बघतोय. शेवटच्या प्रकरणात आचारी परत येतो, गोदामाचं दार वाजवतो, राखणदार दार उघडतो. इथे काकूंनी पान बघितलं, कानाच्या पाळ्या तापल्या, आणि त्या वाचू लागल्या, "दोघं बघत राहिले. कोणालाच काही सुचेना. मग राखणदार म्हणाला, 'चहा टाकू का?'"

पुस्तक संपलं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "काकू, कागद घ्या. सांगतो ते लिहा."

आणि सांगू लागले. अशा कादंबऱ्यांतली माणसं भेटली की लेखक त्यांच्यावर वादळं सोडतात, आरसे फोडतात. या लेखकाला मात्र घर ठाऊक आहे. इतक्या वर्षांनी दारात उभ्या राहिलेल्या माणसाला काय म्हणायचं असतं, ते एका प्रश्नात त्याने सांगितलं: चहा टाकू का? हे मी पुस्तकात पहिल्यांदाच ऐकलं. पुस्तकाबाहेर मी ते रोज ऐकत होतो.

काकूंचं पेन 'चहा'वर थबकलं. आत्ता सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण डॉक्टरांचा चेहरा असा उजळला होता की तो विझवायला त्यांचा हात धजेना. 'लोक काय, एका चहासाठी भांडतात थोडेच,' असं मनाशी म्हणून त्यांनी ओळ पुरी केली, कागदाचा फोटो काढला आणि मासिकाला पाठवून दिला.

अंक निघाला. काकूंच्या सूनबाईंनी घरात तो मोठ्याने वाचला. "आई, चहाचं काय सुरेख लिहिलंय! मला ते पुस्तक आणायचंय."

"कशाला? उगाच पैसे घालवायचे," काकू म्हणाल्या आणि गॅलरीत कपडे काढायला निघून गेल्या. कपडे अजून ओले होते.

आठवड्याभरात दुपारी डॉक्टरांकडे फोन वाजला. संपादकबाईंचा. डॉक्टर फोन नेहमी स्पीकरवर ठेवत, त्यामुळे समोर पुस्तक घेऊन बसलेल्या काकूंनाही सगळं ऐकू आलं.

"डॉक्टर, एक विचारते, रागावू नका. पुस्तक वाचलंत ना?"

"अक्षर न् अक्षर ऐकलंय."

"लेखकाचा फोन आला होता. फार दुखावलाय पोरगा. म्हणतो, माझ्या गोदामात चहाचं भांडंसुद्धा नाही! त्या प्रसंगावर तो वर्षभर बसला होता म्हणे, आणि तुम्ही नेमका तोच सोडून भलत्याच गोष्टीचं कौतुक केलंत. मी पुस्तक उघडून बघितलं. खरंच नाही हो चहा."

डॉक्टरांचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. "असं कसं होईल?"

"पुढच्या अंकात खुलासा द्यावा लागेल. न वाचता लिहितात असं एकदा लोकांच्या मनात बसलं तर हे सदर मी चालवू शकणार नाही. तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण..."

"अहो, तो चहा मी टाकला," काकू म्हणाल्या.

संपादकबाई दचकल्या. "कोण बोलतंय?"

"मी वाचून दाखवते त्यांना. त्यांचा काही दोष नाही. मला वाचवेना, म्हणून मी चहा घातला मध्ये."

संपादकबाई काहीतरी पुटपुटल्या, "तुम्ही बोला आपसात," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"फक्त याच पुस्तकात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," काकूंचा आवाज अगदी खाली गेला. "आधीच्या पुस्तकात ते दोघं फार जेवतात असं तुम्ही म्हणाला होतात ना... ती जेवणंही माझीच."

एरवी डॉक्टर यावर खो खो हसले असते. आता ते हसले नाहीत. "काकू, गल्लीत आमच्याबद्दल सगळे नेमकी तेवढीच जागा गाळून बोलत आले. सभ्यपणे, प्रेमाने. भाडेकरू म्हणाले. मला वाटलं होतं, निदान पुस्तकात तरी ती जागा मला कोणी वाचून दाखवील." मग म्हणाले, "आज राहू द्या."

काकू जिना उतरल्या तेव्हा कठडा धरून उतरल्या.

संध्याकाळी कीर्तन होतं. जावंसं वाटत नव्हतं, पण पाय सवयीने गेले. बुवांनी त्या दिवशी ताटातुटीची कथा लावली होती. भक्त रानोमाळ हिंडतो, हाका मारतो, देव भेटत नाही. आणि मग भेट. बुवांनी पेटीवाल्याला खूण केली आणि एकच ओळ धरली: दोघं भेटले, गळ्यात गळा पडला. ती ओळ ते म्हणाले, परत म्हणाले, वरच्या सुरात म्हणाले, खालच्या सुरात म्हणाले. सोडायलाच तयार नाहीत. सभागृहात नाक ओढल्याचे आवाज येऊ लागले. शेजारच्या बाईंनी काकूंचा हात धरला.

काकूंच्या मनात आलं, आत्ता बुवा जर म्हणाले असते, 'मग दोघांनी चहा घेतला, कथा संपली,' तर? मी उठून गेले असते. ज्या भेटीसाठी माणूस दीड तास मांडी घालून बसतो तीच गाळायची, आणि वर म्हणायचं लाज वाटते! बुवांना नाही वाटत. देवालाही वाटत नसावी. नाहीतर मिठी मारायला हात दिले कशाला?

त्या रात्री त्यांना समाधानाने झोप लागली असं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डॉक्टरांचं दार वाजवलं.

"कोण?"

"चहावाली," काकू म्हणाल्या. "शेवटचं प्रकरण राहिलंय आपलं. वाचायला आलेय. हाकलायचं असेल तर वाचून झाल्यावर हाकला."

डॉक्टर बाजूला झाले. काकू नेहमीच्या खुर्चीत बसल्या, पाण्याचा एक घोट घेतला आणि पुस्तक उघडलं. सुरुवातीला शब्द अडखळत आले. राखणदाराने दार उघडलं. आचाऱ्याने पिशवी खाली टाकली. राखणदाराने त्याचा खारवलेला चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, सावकाश, सांडेल की काय अशा बेताने, आणि त्याच्या ओठांवर ओठ ठेवले. काकू थांबल्या. त्यांचे कान लाल झाले होते, पण ते बघायला तिथे कोणी नव्हतं. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली. न अडखळता, जरा सुरात, बुवा घेतात तशी. आणि पुढचं सगळं वाचलं: श्वास, स्पर्श, सोसलेली सगळी वर्षं. एकाही 'स'ला शीळ लागली नाही.

डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. न दिसणारे डोळेही माणूस मिटतो. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

"चांगलं लिहिलंय पोराने," शेवटी ते म्हणाले. "चहापेक्षा थोडं डावंच, पण चांगलं लिहिलंय."

"डावं कसलं! मला तर घाम फुटला."

आता मात्र ते हसले. "कागद घ्या. खुलासा लिहू."

डॉक्टर सांगत गेले, काकू लिहीत गेल्या. मागच्या परीक्षणातला चहा पुस्तकातला नव्हता. लेखकाची मी माफी मागतो. त्याने लिहिलेली भेट मी आता ऐकली, आणि ती ज्याची त्याने स्वतः वाचावी, कोणाला गाळू देऊ नये. चहा माझ्या वाचणाऱ्या बाईंच्या घरचा होता. मला तो खरा वाटला, याचं कारण आमच्या घरीही तेच होतं. रोज दुपारी दवाखाना बंद करून मी वर आलो की मागच्या खोलीतून एक आवाज यायचा...

"कोणाचा?" काकूंनी पेन उचललं. "भाडेकरूचा लिहू?"

"नको."

"मित्राचा?"

"मित्र पुष्कळ होते मला." डॉक्टर शब्द शोधत राहिले. पुस्तकांतून ऐकलेले सगळे शब्द त्यांनी मनात उलटेपालटे केले. एकही त्यांच्या घरातला वाटेना. "तुम्ही काय म्हणायचा हो? यजमानांना?"

"मी कसली म्हणते? नाव कधी घेतलं नाही. 'आमचे हे', बस्स. सगळ्या जगाला कळायचं."

"'आमचे हे'," डॉक्टरांनी म्हणून बघितलं. मान हलवली. "'हे' फार होईल. माझ्यापेक्षा लहान होता तो. आणि मान दिलेला त्याला आवडायचा नाही."

"मग 'आमचा हा'."

डॉक्टरांनी तेही हलकेच म्हणून बघितलं. मग म्हणाले, "लिहा."

काकूंनी लिहिलं: आमचा हा विचारायचा, चहा टाकू का? आणि खाली, 'एक वाचक'च्या जागी, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, त्यांचं पूर्ण नाव.

दोन दिवसांनी ऐन वाचनाच्या वेळी संपादकबाईंचा फोन आला. खुलासा आवडला होता, सदर चालू राहणार होतं, लेखकाचाही राग गेला होता. "फक्त एक शंका आहे," त्या म्हणाल्या. "शेवटी 'आमचा हा' असं आलंय. त्यापुढे एखादा शब्द राहिलाय का? भाऊ, मित्र, असं काही?"

डॉक्टर तोंड उघडणार, तोच काकू फोनकडे वाकल्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "काही राहिलेलं नाही. आहे तसंच छापा."