चिंचेने घासलेली शिवराई

मी एक जुनी शिवराई आहे. शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे, आणि गोल म्हणावी तर धड गोलही नाही. मित्रांनो, माझी कहाणी ऐकायची असेल तर जरा जवळ सरकून बसा. फार हातांतून फिरले, फार झिजले, आणि खरे सांगायचे तर आता दमले आहे.

माझा जन्म हातोड्याखाली झाला. ठसा तिरका बसला. एका बाजूला 'श्री राजा शिव' जेमतेम मावले, दुसऱ्या बाजूचे 'छत्रपति' मात्र काठावरून अर्धे बाहेरच राहिले. पण तेव्हा निरखून बघायला सवड कोणाला होती? पुढची चकती ठोकायची होती. मग मी बाजार पाहिले, कनवटी पाहिल्या. पुढे आमचे चलन बंद झाले. माझ्या कितीतरी सोबतिणी नाशकातल्या तांबटांच्या भट्टीत गेल्या आणि त्यांचे हंडे झाले.

मी वाचले ती कुसाबाईमुळे. पेठकडच्या खेड्यातली ही बाई. तिची आधीची मुले हाती लागली नव्हती. रंगनाथ झाला तेव्हा मला भोक पाडून बाळाच्या गळ्यात बांधायचे ठरले. जुने तांबे अंगावर असले की दृष्ट लागत नाही, असे तिकडे सगळेच मानत. सोनाराने माझ्या पाठीवर खिळा ठेवून घाव घातला मात्र, बाळ असे दचकले की कुसाबाईने सोनाराचा हातच धरला.

"ऱ्हाऊ द्या. माझं पोर भेतंय."

मग तिने मला चिंधीत शिवून त्याच्या गळ्यात बांधले. ते अर्धवट भोक अजून माझ्या पाठीवर आहे, लहानशा खळीसारखे.

रंगनाथ जगला. चिंधी विरली, आणि पाटी हाती येण्याआधी त्याने माझ्या 'श्री'वर बोट फिरवले. मोठा होऊन तो एसटीत ड्रायव्हर झाला, तेव्हा घाट चढताना मी त्याच्या खिशात असे. डेपोतली माणसे मला हातात घेत, कपाळाला लावत. माझ्या अंगावर तेव्हा दाट काळसर रंग होता. अक्षरांच्या आजूबाजूच्या खळग्यांत तो मुरला होता, त्यामुळे अक्षरे उठून दिसत. त्या दिवसांत मला स्वतःचा थोडा गर्वही होता, लपवत नाही.

आता रंगनाथला सगळे नाना म्हणतात. ते नाशकातल्या इंदिरानगरात मुलगा संतोष आणि सून तेजल यांच्यापाशी राहतात. त्यांच्या डोळ्यांच्या नसा सुकत चालल्या आहेत. "आहे तेवढी नजर सांभाळू, गेलेली परत येणार नाही," असे डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी घरी आल्यावर नानांनी मला तळहातावर घेतले, भिंग लावले, आणि भिंगातूनही मी त्यांना नुसत्या डागासारखी दिसले.

"तेजल, नजर जायच्या आत मला हिच्यावरचा 'श्री' एकदा बघायचा हाय. आईच्या हातचं तेवढंच उरलंय गं माझ्याजवळ."

"त्यात काय, नाना! मोबाईलवर फोटो काढते आणि टीव्हीवर मोठा करून दाखवते."

बोलणे सोपे होते. फ्लॅश मारला तर माझ्या जागी पांढरा ठिपका आला. फ्लॅश बंद करून ट्यूबखाली धरले तर माझ्यावर मोबाईलचीच सावली. कधी तेजलचा हात हलायचा, कधी मी टीव्हीवर ताटाएवढी व्हायचे, पण कोळशाच्या तुकड्यासारखी. नाना खुर्ची पुढे ओढून बघायचे, "नाय दिसत," म्हणायचे आणि मागे टेकायचे. रोज हेच. मला माझीच लाज वाटू लागली.

दिवाळी तोंडावर आली. तेजल देवघरातली तांब्याची भांडी घासायला बसली. काळवंडलेला तांब्या चिंच-मिठाने बघता बघता लखलखला. तिला वाटले, शिवराईसुद्धा मळलीच आहे, म्हणून तर फोटो येत नाही! तिच्या मनात काहीही वाईट नव्हते. तिने मला चिंचेचा कोळ चोपडला, वरून मीठ लावले आणि जुन्या ब्रशने खसाखसा घासले. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. शेकडो वर्षांचा रंग नळाखाली वाहून गेला.

"नाना, बघा, कशी नवी कोरी झाली!"

नानांनी मला हातात घेतले आणि नाकाशी नेले.

"चिंच लावलीस?"

"हो. देवाच्या तांब्याला लावते तशीच."

नानांनी माझ्यावरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "तो मळ नव्हता गं. तिचं वय होतं ते."

तेजलने घाईघाईने फोटो काढून पाहिला. आता मी इतकी चकाकत होते की फोटोत माझ्यापेक्षा तिचा मोबाईलच जास्त दिसत होता. तिने मला देवघरात ठेवले आणि ओट्यापाशी जाऊन डोळे पुसले. नाना रागावले असते तर तिला एवढे लागले नसते.

तिन्हीसांजेला तिने निरांजन लावले. ट्यूब अजून लावली नव्हती. ज्योत माझ्या शेजारीच होती, ठेंगणी, बाजूने उजेड टाकणारी. त्या उजेडात माझ्या झिजलेल्या 'श्री'ची सावली माझ्याच अंगावर पडली. हात जोडता जोडता तेजल थबकली.

"अहो, तुमचा मोबाईल आणा! बॅटरी लावा!"

संतोष धावत आला. तेजलने टेबलावर काळा ब्लाउजपीस अंथरला, त्यावर मला ठेवले. दोन्ही बाजूंना स्टीलचे डबे मांडून तिने आपला मोबाईल त्यांवर आडवा ठेवला, म्हणजे हात हलायची भीती नाही. संतोषने बॅटरी बाजूने धरली आणि बॅटरीपुढे बटर पेपर, म्हणजे उजेड बोचणार नाही.

"अजून खाली घ्या. अजून. टेबलाला टेकवा."

मग टीव्हीवर मी उमटले. नाना पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले. 'श्री' होता. झिजलेला, पण होता. नानांनी त्यावर लहानपणीसारखे बोट फिरवले. पुढचा फोटो माझ्या पाठीचा होता. त्यातल्या खळीवर त्यांचे बोट थांबले.

"हा बघ घाव. इथं आईनं सोनाराचा हात धरला." ते तेजलकडे वळले. "दिसलं गं पोरी. दिसलं मला."

"पण नाना, माझ्यामुळे तिचा रंग गेला."

"येईल परत. माणसाच्या हातात राहिली की येतो."

मित्रांनो, त्यानंतर नानांची नजर आणखी मंदावली. आता टीव्हीवरचेही त्यांना दिसत नाही. मी मात्र दिवसभर त्यांच्या मुठीत असते, अंगठा त्या खळीत. तुमच्या घरात जुने काही असेल आणि ते नीट दिसत नसेल, तर घासायला धावू नका. दिवा थोडा बाजूला घ्या, खाली आणा आणि दमाने बघा. आम्हाला एवढे पुरते.

रोज निरांजन लागले की नाना मूठ उघडून हात पुढे करतात.

"तेजल, काळी झाली का गं?"

ती मला ज्योतीजवळ नेते, उलटून पालटून बघते. खोटे बोलत नाही.

"काठाला झालीय, नाना. 'श्री'पाशी अजून नाही."

"मग ऱ्हाऊ दे माझ्याजवळ," नाना म्हणतात आणि मूठ मिटतात.