डहाळ्यांचं आवतण

"रोझालिया, बाहेर ये. त्यांनी डहाळ्या बांधल्या बघ," काउंट आल्बिन अंगणातून हाका मारत होते. सत्तरी उलटलेला माणूस, पण चेहरा असा फुललेला की जणू सासुरवाशिणीला माहेरचं बोलावणं आलंय.

रोझालिया पिठाच्या हातांनीच बाहेर आली. ओढ्यापलीकडे, हंगेरीच्या हद्दीत, उंच खांबाला पाइनच्या हिरव्या डहाळ्यांचा झुबका दिसत होता. या मुलखात त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळे: नवी वाइन तयार आहे, दार उघडं आहे, या. दोन देशांची हद्द या दोन गावांमधून गेली तेव्हा काउंटांनीच खटपट करून एक रिवाज पाडला होता. ज्यांच्या डहाळ्या आधी लागतील त्यांच्याकडे दुसऱ्या गावाने पिंप घेऊन जायचं, आणि त्या दिवशी परवाना कोणी विचारायचा नाही. त्यातून सौदे झाले, सोयरिकी झाल्या, दोन्हीकडचे गाणारे एकत्र बसू लागले. काउंटांनी त्यापायी निम्मी जमीन विकली. सरदाराच्या पोटी दलाल जन्मला, असं लोक म्हणत. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मग युद्ध झालं, हद्दीवर काटेरी तारा आल्या, आणि दोन वर्षं पलीकडून चिटपाखरू फिरकलं नाही.

"लेंत्सला पिंप देऊन पाठवतो," काउंट म्हणाले.

लेंत्स त्यांचा गाडीवान, रोझालियाचा नवरा. त्याचा सख्खा भाऊ इग्नाक पलीकडच्या गावात राहायचा.

"सरकार, तिथले शिपाई आता ओळखीचे राहिले नाहीत. गोळी घालतील ते. मला विधवा करायचंय का?"

"ओढ्यापाशी अजून तारा नाहीत. आणि डहाळ्या काय शिपाई बांधतात? गावाने बोलावलंय. नाही गेलो तर त्यांच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होईल."

लेंत्स तोवर कोट चढवून तयार. "तू उगीच जीव टांगणीला लावतेस. भावाकडे दोन घोट घेतो आणि येतो. तुझ्या जावेच्या हातची खसखशीची पोळी आणू का?"

"नको. मागच्या वेळी माझा दात हलला होता."

तो हसला, छोटं पिंप खांद्यावर घेतलं आणि निघाला. तिने त्याला अडवलं नाही. भावासाठी तो किती तळमळतो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

ती पुन्हा पिठाला हात लावते तोच आवाज झाला. एकच. खिडकीची काच थरथरली. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

संध्याकाळी सीमेच्या फाटकाशी इग्नाकने भावाला आणलं. द्राक्षाच्या टोपल्या वाहायच्या हातगाडीवर, घोंगडीखाली. शिपायाने गाडी अलीकडे येऊ दिली, इग्नाकला नाही.

"वहिनी, आम्ही काही बांधलं नव्हतं," इग्नाक पलीकडूनच रडत म्हणाला. "हे शिपाई लांबचे, त्यांना आपलं काय माहीत? सुरुंग कुठवर पेरले ते कळावं म्हणून खांबाला डहाळ्या लावतात. आम्हाला घराबाहेर पडू देत नव्हते, नाहीतर ओरडून तरी सांगितलं असतं."

काउंट ऐकत उभे होते. "रोझालिया, त्याला मी पाठवलं," एवढंच ते म्हणाले.

"हो. तुम्हीच."

तिला त्यांचा इतका संताप आला होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. सगळ्या जगाची मैत्री जुळवायला निघालेला माणूस, आणि तिचं घर मोडून बसला.

शेजारी पुढे झाले, त्यांना काउंटांनी हातानेच थांबवलं. मग गाडीच्या दांड्या धरल्या. ज्यांच्या घोड्यावर खोगीरसुद्धा जन्मभर दुसऱ्यांनी चढवलं, ते चिखलातून गाडी ओढू लागले. दोनदा थांबले, धापा टाकल्या, पुन्हा निघाले. चढावर चाक रुतलं. म्हाताऱ्याचे पाय घसरू लागले आणि गाडी हळूहळू मागे येऊ लागली.

मागून चालणाऱ्या रोझालियाने गाडीला खांदा दिला.

"ओढा, सरकार," ती म्हणाली. "अंधाराच्या आत त्याला घरी न्यायचंय."